प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप : मुंबई येथील आधुनिक कलावंतांचा एक प्रसिद्ध गट. स्थापना १९४७ च्या अखेरीस. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२), सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६), मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११), के. एच. आरा (१९१४–८५), हरी अंबादास गाडे (१९१७–२००१) हे चित्रकार व सदानंद बाक्रे (१९२०–२००७) हे शिल्पकार, असे सहाजण या गटाचे मूळ सदस्य होत. सूझा हे गटाचे प्रवर्तक व प्रवक्ते होते. गटाचे प्रत्यक्ष कार्य जेमतेम सहा-सात वर्षेच चालले आणि १९५६ पर्यंत तो विसर्जित झाला. तथापि स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेच्या इतिहासात त्याला मध्यवर्ती स्थान दिले जाते. कला व समाज यांच्यातील दरी सांधण्याची भाषा या गटाने आरंभी केली व अल्पावधीतच ती सोडून दिली. या स्थित्यंतराची कारणे कलावंतांच्या वृत्तीत जितकी आढळतात, त्याहून अधिक ती त्या काळच्या कलाव्यवहाराच्या रचनेत आढळतात. त्यामुळे गटाचा विचार केवळ शैलीच्या अंगाने न करता सामाजिक अंगानेही करणे अगत्याचे ठरते.

पार्श्वभूमी : मुंबईतील कलाशिक्षणाचा पाया १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने घातला. यथार्थदर्शन, छायाप्रकाश व शरीररचनेचा अभ्यास यांवर आधारलेली पाश्चात्त्य वास्तववादी पद्धती तेथे रुजली आणि तीतून म. वि. धुरंधर, सा. ल. हळदणकर, ए. एक्स. त्रिंदाद यांच्यासारखे समर्थ चित्रकार निर्माण झाले. बाँबे आर्ट सोसायटीच्या (स्थापना १८८८) वार्षिक प्रदर्शनातील पारितोषिक हा त्या काळी यशाचा मानदंड होता. संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि पारशी व गुजराती धनिक हे या कलेचे प्रमुख आश्रयदाते असून व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे व पौराणिक प्रसंगचित्रे यांना विशेष मागणी असे. सामान्य माणसाच्या घरात चित्र पोहोचले ते मात्र वेगळ्या मार्गाने. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील रंगीत शिळाछाप चित्रे देवघरांत व दुकानांतून लागली. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभीच महाराष्ट्रात चित्राचे दोन प्रेक्षकवर्ग निर्माण झाले होते : एक प्रदर्शनाला जाणारा व दुसरा छापील चित्र भिंतीवर लावणारा. पहिल्या वर्गासाठी काढलेले चित्र दुसऱ्यापर्यंत जाण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

जे. जे. स्कूलचे संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत (१९२०–३६) भारतीय विषय व भित्तिचित्रण यांना उत्तेजन मिळाले. त्यानंतरच्या चार्ल्स जेरार्ड यांच्या काळात यूरोपातील उत्तर-दृक्प्रत्ययवादी व त्यापुढील प्रवाहांची ओळख विद्यार्थ्यांना होऊ लागली. शाळेबाहेरील वातावरणही झपाट्याने बदलत होते. १९३६ मध्ये लखनौ येथे प्रगतिशील लेखक संघाची आणि १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ या जननाट्य संघाची स्थापना झाली. त्याच वर्षी बंगालच्या भीषण दुष्काळाच्या छायेत ‘कलकत्ता ग्रुप’ हा चित्रकारांचा गट उदयास आला. गटाच्या नावातील ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द या डाव्या सांस्कृतिक चळवळींच्या परिभाषेतून आलेला आहे.

सदस्यांचे सामाजिक स्थान : या गटाचे एक लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याची घडण. सूझा हे गोव्यातील साळगाव येथील ख्रिस्ती कुटुंबातले. वडील लवकर वारल्यामुळे त्यांच्या आईने मुंबईत शिवणकाम करून त्यांना वाढविले. राजकीय चळवळीतील सहभागाच्या कारणावरून १९४५ मध्ये त्यांना जे. जे. स्कूलमधून काढून टाकण्यात आले. आरा यांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बोलारम येथला. लहानपणीच ते मुंबईस आले. घरगडी म्हणून व पुढे मोटारी धुण्याचे काम करून त्यांनी उदरनिर्वाह केला. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवासही घडला. त्यांनी चित्रकलेचे शालेय शिक्षण घेतलेले नव्हते. पंढरपूर येथे जन्मलेले व इंदूर येथे वाढलेले हुसेन मुंबईत चित्रपटांचे जाहिरातफलक रंगवीत आणि लाकडी खेळणी व फर्निचर यांचे आराखडे करीत. रझा हे मध्य प्रांतातील एका वनरक्षकाचे चिरंजीव असून नागपूर येथे शिक्षण घेऊन मुंबईस आल्यावर त्यांनी एका ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओत नोकरी केली. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे जन्मलेल्या गाडे यांचे शिक्षण विज्ञानाचे होते व काही काळ त्यांनी अध्यापन केले.

म्हणजेच मुंबईच्या प्रतिष्ठित कलावर्तुळाला परके असलेले, भिन्न धर्मांचे, भिन्न प्रांतांचे व बहुतांशी कष्टाने पोट भरणारे हे तरुण होते. फाळणीच्या वर्षात असा गट एकत्र येणे ही घटनाच बोलकी आहे. रझांची भावंडे पाकिस्तानात गेली. ते स्वतः मात्र भारतातच राहिले. चित्रकार कोणी व्हावे, या प्रश्नाचे उत्तर या गटाने आपल्या अस्तित्वानेच बदलले आणि या अर्थी त्याचे पुरोगामित्व निःसंशय खरे होते. मात्र त्यालाही मर्यादा होत्या. मूळ सहा सदस्यांत एकही स्त्री नव्हती. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये (विवाहोत्तर नाव भानू अथैय्या) यांची चित्रे १९५३ च्या प्रदर्शनात समाविष्ट झाली. पुढे त्या वेशभूषाकार म्हणून चित्रपटसृष्टीकडे वळल्या व ‘गांधी’ या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आश्रयदाते व समीक्षक : गटाला पहिला आधार मिळाला तो नाझी राजवटीमुळे मध्य यूरोप सोडून मुंबईत आलेल्या काही व्यक्तींकडून. १९३८ मध्ये आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलादिग्दर्शक होते. रुडॉल्फ फॉन लायडन हे त्याच वृत्तपत्रातून कलासमीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंजर हे औषधनिर्मितीच्या व्यवसायातील उद्योजक व चित्रसंग्राहक होते. या तिघांनी तरुण चित्रकारांना यूरोपीय आधुनिक कलेची पुस्तके व प्रतिकृती दाखविल्या, त्यांच्या कामावर चर्चा केली, त्यांच्याविषयी लिहिले व त्यांची चित्रे विकत घेतली. केकू गांधी यांच्या चौकटींच्या व्यवसायातून पुढे १९६३ मध्ये ‘गॅलरी केमोल्ड’ उभी राहिली. होमी भाभा यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह केला. १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनामुळे प्रदर्शनासाठी हक्काची जागा मिळाली. हा आश्रय उदार व जाणता होता, यात शंका नाही. पण त्याचे क्षेत्र दक्षिण मुंबईच्या थोड्या चौरस मैलांपुरते होते आणि त्याची भाषा इंग्रजी होती. मराठी नियतकालिकांच्या वाचकास हा गट त्या काळात क्वचितच ठाऊक होता.

उद्दिष्टे व त्यांतील बदल : आरंभी सूझा कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. गोव्यातील व मुंबईतील श्रमजीवी माणसे हा त्यांच्या चित्रांचा विषय होता आणि कलावंत व जनता यांच्यातील अंतर नाहीसे करणे हे गटाचे उद्दिष्ट मानले गेले होते. गटाचे पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये मुंबईत रॅम्पार्ट रोवरील बाँबे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. त्याचे उद्‌घाटन इंग्रजी कादंबरीकार मुल्कराज आनंद यांनी केले. त्या प्रसंगीच्या पुस्तिकेत सूझांनी जी भूमिका मांडली, ती मूळ उद्दिष्टाहून निराळी होती. जनतेशी नाते जोडण्याच्या कल्पना आपण मागे टाकल्या असून आता आशय व तंत्र यांबाबत पूर्ण स्वातंत्र्य घेऊन चित्र काढतो, बंधन मानतो ते केवळ रचना, रंग व आकार यांच्या मूलभूत नियमांचे, असा तिचा आशय होता. गटाला ‘प्रोग्रेसिव्ह’ का म्हणावे, याविषयीही त्यांनी साशंकता व्यक्त केली. दोन वर्षांच्या आतच गटाच्या प्रवर्तकाने गटाच्या नावाचा अर्थ असा सोडून दिला होता.

हा बदल अनेकांनी पक्षीय दडपणाविरुद्धचे बंड म्हणून गौरविला आहे. ते अंशतः खरेही आहे. चित्राने प्रचारपत्रक व्हावे, ही अपेक्षा कोणत्याही जातिवंत चित्रकारास जाचक वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याच शहरातील, त्याच वर्षांतील व त्याच राजकीय वातावरणातील दुसरे एक उदाहरण शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावातून, चाळींच्या पटांगणांतून व गावोगावच्या सभांतून पोवाडे व लोकनाट्ये सादर करीत होते. त्यांना प्रेक्षक शोधावा लागला नाही. तमाशा व पोवाडा ही माध्यमे शतकानुशतके त्या प्रेक्षकाच्या परिचयाची होती आणि प्रयोग गावात जाऊ शकत होता. तैलचित्राला असा वारसा नव्हता. ते एकच असते, एका भिंतीवर लागते व एकालाच विकत घेता येते. रॅम्पार्ट रो ते परळ-लालबाग हे अंतर काही मैलांचेच. पण ते ओलांडण्यास चित्रकाराची इच्छा पुरेशी नव्हती. कलावंत व जनता यांच्यातील दरी सांधता येत नाही, हा सूझांचा निष्कर्ष त्यांच्या माध्यमापुरता खरा होता. संपूर्ण कलेविषयीचे विधान म्हणून तो खरा नव्हता.

शैली : गटाची अशी एक समान शैली नव्हती. पाश्चात्त्य वास्तववादी शिस्त, बंगाल संप्रदायाची पुनरुज्जीवनवादी हळवी रेखा आणि अमृता शेरगिल यांची संमिश्र पद्धती या तिन्हींपासून दूर राहणे, हाच त्यांच्यातील दुवा होय. सूझांच्या चित्रांत जाड काळी बाह्यरेषा, विरूप मुखे, ख्रिस्ती प्रतिमा व निःसंकोच नग्नता आढळते. या नग्नतेमुळे १९४९ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप होऊन पोलिसी कारवाईस तोंड द्यावे लागले. आरा यांनी स्थिरचित्रे व नग्नाकृती जाड रंगलेपाने रंगविल्या. गाडे यांनी निसर्गदृश्यांना भौमितिक घाट दिला. बाक्रे यांची शिल्पे वास्तवाकडून अमूर्ताकडे झुकत गेली. १९४८ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या मोठ्या प्रदर्शनातील मथुरा व गुप्त शिल्पे आणि बसोली लघुचित्रे यांचा हुसेन व सूझा यांच्यावर खोल परिणाम झाला. हुसेन यांची लयदार, तुटक रेषा व सपाट प्रखर रंग यांचे मूळ तेथे जसे आहे, तसेच ते शिडीवर उभे राहून, दुरून वाचता येईल अशा बेताने रंगविलेल्या जाहिरातफलकांतही आहे.

ग्रामजीवनाचे चित्रण व अमेरिकन समांतर : स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात खेडे हा राष्ट्रीय कल्पनेचा केंद्रबिंदू होता आणि हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ (१९५४) व ‘जमीन’ (१९५५) ही दीर्घपट्टिकावजा चित्रे त्या कल्पनेची उत्कृष्ट रूपे आहेत. सुमारे चौदा फूट लांबीच्या ‘ग्रामयात्रे’त तेरा लहानमोठ्या चौकटी असून दळणाऱ्या व मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया, बैलगाडी, शेतकरी असे ग्रामजीवनाचे प्रसंग त्यांत गुंफले आहेत. ‘जमीन’ या चित्रास ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. या चित्रांतील बैल जोमदार व अविस्मरणीय आहेत. परंतु ते लातूर जिल्ह्यातील देवणीचे काळेपांढरे ठिपकेदार बैल आहेत, की माणदेशचे पांढरे खिलार, की माळव्याचे, हे चित्रावरून सांगता येत नाही. तसे सांगणे हा चित्रकाराचा हेतूही नाही. तेथील खेडे हे भारताचे खेडे आहे, कोणा एका तालुक्याचे नव्हे. वानेरा, बालंक्या व शेवरा असे देवणी जातीचे भेद अंगावरील ठिपक्यांवरून व चेहऱ्याच्या रंगावरून ओळखणाऱ्या उदगीर-देवणीकडील शेतकऱ्यास ज्या गोष्टीत जनावराचे मोल दिसते, तीच गोष्ट या चित्रांनी राष्ट्रीय प्रतीकासाठी गाळून टाकली आहे.

या संदर्भात अमेरिकेतील चित्रकलेशी तुलना उद्‌बोधक ठरते. तेथे १९०८ मध्ये रॉबर्ट हेन्री व त्यांचे सहकारी यांनी ‘द एट’ या नावाने भरविलेल्या प्रदर्शनाचा बराच गाजावाजा झाला. या वर्तुळातील अनेकांनी न्यूयॉर्कमधील गल्ल्या, दारूगुत्ते व वाळत घातलेले कपडे रंगवून शहरी सामान्यजनांस चित्रात आणले होते. १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर ग्रँट वुड यांनी आयोवा, टॉमस हार्ट बेन्टन यांनी मिसूरी व जॉन स्ट्यूअर्ट करी यांनी कॅन्सस येथील शेते, माणसे व वादळे ही त्या त्या राज्याची म्हणून रंगविली. यास प्रादेशिकतावाद असे नाव मिळाले. त्यातील स्मरणरंजन व संकुचितपणा यांवर पुढे रास्त टीका झाली. तथापि स्थानिक माणसास आपले गाव चित्रात ओळखू येत होते. बेन शान यांच्यासारख्या सामाजिक वास्तववाद्यांनी कामगार व अन्यायपीडित यांची बाजू घेतली. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराने दक्षिणेकडून उत्तरेकडील शहरांत गेलेल्या आपल्या समाजाच्या स्थलांतराची कथा साठ लहान फलकांत सांगितली (१९४०-४१).

याहून महत्त्वाची बाब म्हणजे त्या चित्रकारांना मिळालेला शासकीय आधार. १९३५ ते १९४३ या काळात ‘फेडरल आर्ट प्रॉजेक्ट’ या योजनेखाली हजारो कलावंतांना वेतन मिळाले. शाळा, रुग्णालये व सार्वजनिक इमारती यांत भित्तिचित्रे रंगविली गेली, मुद्राचित्रे वाटली गेली आणि शंभरांहून अधिक लोककलाकेंद्रे लहान गावांतही उघडली गेली. जॅक्सन पॉलॉक व मार्क रॉथ्को हे पुढे अमूर्त अभिव्यक्तिवादाचे अध्वर्यू ठरलेले चित्रकारही याच योजनेवर काम करीत होते आणि पॉलॉक तर बेन्टन यांचे शिष्य होते. महायुद्धाच्या काळातच योजना संपली, पुढे सामूहिक ध्येयांवरील विश्वास ओसरला व चित्रकार अंतर्मुख झाला. मुंबईतही १९४९ च्या सुमारास असेच वळण दिसते. फरक असा की, अमेरिकन चित्रकाराने समाजाकडे पाठ फिरविली ती काही वर्षे समाजाच्या भिंती रंगवून झाल्यावर. मुंबईच्या चित्रकाराला मात्र तशी भिंत सहसा मिळालीच नव्हती.

विघटन व उत्तरकाळ : सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. रझा १९५० मध्ये फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला व बाक्रे १९५१ मध्ये लंडनला गेले. तत्पूर्वी १९५० मध्ये कलकत्ता ग्रुपसमवेत एक संयुक्त प्रदर्शन कलकत्त्यास झाले. पुढे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१), कृष्ण खन्ना, मोहन सामंत प्रभृती चित्रकार गटाशी जोडले गेले. १९५३ च्या प्रदर्शनानंतर मात्र गटाचे सामूहिक कार्य थांबले.

साठोत्तरी काळात पॅरिसऐवजी न्यूयॉर्क हे आकर्षणकेंद्र बनले. रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर कृष्ण खन्ना (१९६२), गायतोंडे (१९६४), अकबर पदमसी (१९६५) व तय्यब मेहता (१९६८) अमेरिकेस जाऊन आले. गायतोंडे यांची ध्यानमग्न अमूर्त चित्रे व मेहता यांच्या मोठ्या सपाट रंगक्षेत्रांत भंगलेल्या मानवाकृती यांच्या विकासात या प्रवासाचा वाटा असल्याचे समीक्षक मानतात. गायतोंडे यांना रॉथ्कोचा अनुयायी ठरविणे मात्र अन्याय्य होईल. झेन विचार व पॉल क्ले यांचा अभ्यास त्यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वीच केला होता. सामंत यांनी न्यूयॉर्क येथेच १९६८ पासून कायम वास्तव्य केले व २००४ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले. हा सारंगीवादक मराठी चित्रकार दीर्घकाळ महाराष्ट्राच्या स्मरणाबाहेर राहिला. स्वदेशात सर्वाधिक लोकप्रियता लाभलेल्या हुसेन यांना देवतांच्या चित्रणावरून झालेल्या विरोधामुळे व खटल्यांमुळे २००६ मध्ये देश सोडावा लागला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची प्रकरणे रद्द केली. तरी ते परतले नाहीत. त्यांनी २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व स्वीकारले व २०११ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. जनतेशी नाते नसलेली कला एकदा जनतेसमोर आली, ती अशी वादाच्या निमित्ताने, हे विदारक आहे.

कलाव्यवहाराचे रूपही दरम्यान पालटले. १९५४ मध्येच एका परदेशी डॉक्टरने विकत घेतलेली व दीर्घकाळ ऑस्लो येथील रुग्णालयात राहिलेली ‘ग्रामयात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. खेड्याचे हे चित्र खेड्यातील कोणीही प्रत्यक्ष पाहिले असण्याचा संभव फारच थोडा.

मूल्यमापन : गटाच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. आधुनिक भारतीय चित्रकला या सहाजणांपासूनच सुरू झाली, हे मत अतिशयोक्त आहे. शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ टागोर व कलकत्ता ग्रुप यांचे कार्य त्यापूर्वीचे आहे. उलट, हा गट पाश्चात्त्यांचे अनुकरण करणारा होता, हा आक्षेपही टिकत नाही. उसना घेतलेला घाट व येथील अनुभव यांच्या संघर्षातूनच त्यांची उत्तम चित्रे निर्माण झाली आहेत. त्यांचे खरे अपयश चित्रांत नसून चित्र व प्रेक्षक यांच्यामधील मोकळ्या जागेत आहे आणि त्याची जबाबदारी एकट्या चित्रकारांवर टाकता येत नाही. रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांमुळे महाराष्ट्राच्या दूरच्या तालुक्यांतही हजारो मुलांच्या हाती पेन्सिल व रंग आले. मात्र ज्या चित्रांकडे पाहून ती पेन्सिल पुढे न्यावी, ती चित्रे तेथवर गेली नाहीत.

सूझांनी अर्ध्यावर सोडलेला प्रश्न पुढील पिढीने पुन्हा हाती घेतला. १९८१ मध्ये मुंबई व दिल्ली येथे भरलेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनातील सहा चित्रकारांनी मानवाकृती व परिसर यांना चित्रात पुन्हा स्थान दिले. त्यांपैकी ठाणे येथे क्ष-किरणतज्ञ म्हणून व्यवसाय केलेले सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांत उपनगरी गाड्या, झोपडपट्ट्या, पूल व कामगार हे ओळखू येणाऱ्या स्थळकाळासह येतात. आधुनिक चित्रांची प्रदर्शने मुंबईबाहेरील शहरांत नेण्यासाठीही त्यांनी परिश्रम घेतले. चित्राचा विषय सामान्य माणूस असणे व चित्राचा प्रेक्षक सामान्य माणूस असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली चित्रकाराच्या हातात असते, तर दुसरीसाठी भिंत, वाहन, शिक्षक व अर्थसाहाय्य लागते. प्रोग्रेसिव्ह गटाच्या अल्पजीवी इतिहासातून मिळणारा हा बोध आजही तितकाच लागू पडतो.